कनिष्ठेचं बाळ

चर्चमधल्या चरनीतला बैल अजून आहे. ख्रिस्तजन्माच्या देखाव्याला रायपुरात सगळे चरनीच म्हणतात, आम्ही मराठी लोकसुद्धा. बाकी सारं बदललं. तारा लुकलुकत्या दिव्यांचा झाला, गवत प्लास्टिकचं आलं, मेंढपाळ आणि मेंढ्या एकाच खोक्यातून निघाल्यासारख्या गुळगुळीत. पण मागे, पुठ्ठ्याच्या डोंगराच्या आडोशाला, तो मातीचा बैल तसाच उभा आहे. एक शिंग गेलेलं, पाठीवरच्या रंगाचे पोपडे उठलेले, आणि चारही पायांना खुरांच्या वर आरपार भोकं.

"आत्या, इसके पैर में ये छेद क्यों हैं?" सायलीनं वाकून विचारलं.

सायली माझी भाचसून. माझा भाऊ नागपूरला असतो, त्याच्या मुलाची बायको. भिलाईत वाढलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतून येतं. ऑफिसच्या कामानं नवा रायपूरला आली होती, माझ्याकडे उतरली होती, आणि रविवारची दुपार मोकळी होती म्हणून मी तिला माझ्या आईच्या वाटेनं फिरवत होते.

"पोळ्याचा आहे तो," मी म्हटलं. "भोकांत काडी घालून चाकं लावायची असतात. कुम्हारपाऱ्यात कुंभारांकडे पोळ्याचे बैल उरले, त्यातला एक इकडे दिला असेल."

"पोळे का बैल? यहाँ?" ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी, जरा अडखळत. "तो फिर बाकी सब किसका था?"

त्याचं उत्तर मला येत होतं. किती वर्षं ते मी तोंडात धरून बसले होते.

आता लिहायला बसलेच आहे तर आधी तेच लिहून टाकते, नाही तर पुन्हा आडवळणानं जाईन. आमच्या घरच्या महालक्ष्म्यांपैकी कनिष्ठेचं जे बाळ हरवलं म्हणून भावाच्या घरी दर भाद्रपदात हळहळ होते, ते हरवलेलं नाही. शंकर नगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, कपाटात, स्वेटरांखाली होतं. मीच ठेवलं होतं.

*

आई अमरावतीकडची. लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिला धड हिंदी येत नव्हतं, आणि छत्तीसगढी तर कानावरही पडलेली नव्हती. बाबा वर्कशॉपमध्ये. सकाळचा भोंगा झाला की कॉलनी बायकांची व्हायची आणि जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की नळ येईपर्यंतची दुपार कोणाचीच नसायची. त्या वेळात आई देव पाहायला निघायची. दर्शनाला जाते असं ती कधी म्हणाली नाही. पाहायला जाते म्हणायची, आणि खरंच नुसतं पाहायची. हात जोडायचे तिच्या पुष्कळदा राहूनच जायचे. माझं मनगट तिच्या मुठीत असायचं. त्या मुठीला कपड्याच्या साबणाचा आणि लसणाचा वास यायचा. दुसऱ्या कुठल्या वासानं मला इतकं सुरक्षित वाटलेलं आठवत नाही.

रिक्षा ती सदर बाजाराच्या तोंडाशी सोडायची. सराफांच्या दुकानांपुढून, कापडाच्या ठाणांच्या कोऱ्या वासातून आम्ही पुरानी बस्तीकडे चालत जायचो. तिथल्या एका जुन्या मठाच्या भिंतीवर रामायण होतं, ओलीनं आणि दिव्यांच्या काजळीनं निम्मं खाल्लेलं. आई त्याच्यापुढे उकिडवी बसायची आणि भिंतीला बोट लागू न देता दाखवायची.

"देव तर सगळेच काढते. यानं आपलं काय घातलं, ते पाह्य."

रामाच्या वरातीत मागच्या बाजूला एका शिपायाच्या डोक्यावर चक्क आपल्याकडची पगडी होती. भोसल्यांच्या काळात नागपूरकडून आलेला कोणी त्या चिताऱ्यानं पाहिला असेल. "हा आपला माणूस," आई म्हणायची. "माह्यावानीच इकडे येऊन पडला." त्याच्याकडे ती नेहमी जरा जास्त वेळ बघायची. मग हनुमानाकडे वळायची. "थकला बिचारा. खांदे पाह्य कसे पडले." मी पुढे पुष्कळ हनुमान पाहिले, चांगले चांगले. थकलेला तो एकच.

जन्माष्टमीला पाऱ्यापाऱ्यात (मोहल्ल्याला इथे पारा म्हणतात) मातीच्या भिंतींवर आठे कन्हैया काढलेले असत. सेमीची, म्हणजे वालाची, पानं वाटून काढलेला हिरवा रस, आणि त्या रसानं ओळीनं आठ बाहुल्या, सगळ्यांचे हात वर. देवकीची आठ लेकरं. खाली होडी, होडीखाली साप आणि विंचू. रस सुकला की हिरव्याचा काळपट व्हायचा, पण पहिल्या दिवशी भिंतीला कुस्करलेल्या पाल्याचा इतका ताजा वास यायचा की मला ती भिंत चाटावीशी वाटायची. आई दारातल्या बाईला तिच्या मोडक्या भाषेत विचारायची, हे कोण, ते कोण. ती बाई सांगता सांगता हात पुसून आम्हाला आत बोलवायची. एकदा परत येताना आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जे गेले तेही काढते ह्या बाया. एकालेही सोडत नाही."

दिवाळीत गुरं राखणाऱ्या राऊतांच्या बायका घरोघरच्या भिंतींवर हाथा काढायच्या. तांदळाचं पीठ, गेरू, बोटांचे ठसे. ते झाड होतं की देऊळ की नुसता हात, हे काढणारीलाही विचारलं तर ती हसायची. थंडी सुरू झालेली असायची, कुठेतरी नवा भात उकडत असायचा, आणि भिंतीवरचं ओलं पीठ आंबूस वास सोडत असायचं.

चर्च आम्हाला उशिरा सापडलं, घराजवळ असूनही. आईला वाटायचं आपल्याला आत सोडणार नाहीत. एका उन्हाळ्यात रस्त्यावरून जाताना मला तहान लागली, दार उघडं दिसलं, आणि पाणी मागायला म्हणून गेलेल्या आम्ही दोघी आत जाऊन पाणी विसरलो. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत माठाच्या पोटात असतो तसा गारवा. मेणाचा वास, ओल्या चुन्याचा वास. भिंतीवर ओळीनं चित्रं होती. खांद्यावर क्रूस घेऊन तो चालतो आहे, पडतो आहे, उठतो आहे, पुन्हा पडतो आहे. आई एकेका चित्रापाशी थांबत होती. तिचा पदर सावरायचा राहिला होता.

"आपल्याकडे देव पडत नाही कधी," ती हळूच म्हणाली.

आणि मग एका चित्रापाशी तिनं माझं मनगट दाबलं. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून रडणाऱ्या बायकांत एकीच्या गळ्यात सुता होता. इथल्या खेड्यापाड्यातल्या बायका घालतात तो, चांदीचा, जाड, गळ्याबरोबर बसणारा. कोणी इथल्याच माणसानं काढली असणार ती चित्रं.

"घातलं त्यानं आपलं," आई म्हणाली. घरी येईपर्यंत ती खुशीत होती.

*

बाळाची गोष्ट त्यानंतरच्या भाद्रपदातली.

आमच्याकडे, विदर्भाकडच्या घरांत, गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि दोघींपुढे एकेक बाळ. आमचे मुखवटे पितळेचे, बाळं मातीची. क्वार्टर गळायचं. त्या साली पेटी उघडली तर ज्येष्ठेचं बाळ धड होतं, आणि कनिष्ठेच्या बाळाचा ओलीनं लगदा झाला होता. आईनं तो लगदा फडक्यात गुंडाळला, तुळशीच्या कुंडीत घातला, आणि मला म्हणाली, "चाल."

कुम्हारपाऱ्यात गणपतींची घाई होती. ओल्या मातीचा, भिजलेल्या तणसाचा आणि सरसात कालवलेल्या रंगाचा उग्र वास. कुंभारीण एका गणपतीच्या पोटावरून ओला हात फिरवत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "लइका त हवय दाई, फेर सुते वाला हवय." मूल आहे, पण निजलेलं. मग मडक्यांमागून तिनं ते काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. "मिसन वाले मन बर बनाय रेहेंव. बड़े दिन के बाँचे हे."

मिशनवाल्यांसाठी केलेलं. नाताळचं उरलेलं. मला छत्तीसगढी आईपेक्षा चांगली समजायची, पण एवढं तिलाही समजलं असणार. ती त्या बाळाकडे बघत राहिली. उताणं, एक गुडघा किंचित दुमडलेला, आणि दोन्ही हात वर, कोणीतरी उचलून घ्यावं म्हणून मुलं करतात तसे.

"निजलेलं तर निजलेलं," आई म्हणाली.

परतताना रिक्षात तिनं ते मांडीवर घेऊन वर पदर टाकला होता. रस्त्यात खड्डा आला की तिचा तळवा आपोआप त्याच्या डोक्याखाली जायचा.

जेवणाच्या दिवशी कॉलनीतली सगळी मराठी घरं आमच्या दोन खोल्यांत मावायची. पुरण, आंबील, सोळा भाज्यांचा एकत्र वास, वर टांगलेल्या फुलोऱ्यातून करंज्यांच्या तुपाचा वास, आणि या सगळ्यांच्या वर केवडा. कनिष्ठेच्या निऱ्यांना टेकवून आईनं बाळाला पाटावर मऊ घडीवर निजवलं होतं. शेजारच्या काकूंच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

"काहून हो वहिनी? सगळ्यायचे बाळं बसून राह्यते, तुमचंच उताणं काहून?"

"जेवलं अन् निजलं," आई म्हणाली. "तुमच्या पोट्ट्यावानी रातभर किरकिर नाही त्याची."

"अन् हात काहून वर?"

"सपनात आंबील मागून राहिलं."

बायका हसल्या. काकूंनी वाकून त्याच्या गालाला बोट लावून ते आपल्या ओठांना लावलं, आणि तेव्हापासून ते आमच्या घरचं झालं. 'निजलेलं बाळ' म्हणून कॉलनीत ओळखलं जाऊ लागलं. नवसही बोलले गेले त्याला.

त्याच वर्षी नाताळात आम्ही चरनी बघायला गेलो. कॉलनीतले बरेच जण जायचे, रांग लागायची. खरं तणस पसरलेलं होतं. मेंढपाळ सगळे राऊत होते, अंगात कवड्यांचं जाकीट, फेट्यात मोरपीस, हातात काठी. जणू दिवाळीचा नाच आटोपून तसेच इकडे आलेले. बैलाच्या पायांना भोकं. आईचे डोळे लकाकत होते. एकेकाकडे बघून ती मला कोपरानं ढोसत होती. आणि मध्ये, तणसावर, उताणं, एक गुडघा दुमडलेलं, हात वर केलेलं…

"आई! आपलं बाळ!"

रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. आईनं मला दंडाला चिमटा काढला.

"चूप राह्य. आपलं पेटीत आहे. हे ह्यायचं."

"मग आपलं कोणाचं?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. मेणबत्त्यांच्या उजेडात तिचं तोंड मी पहिल्यांदाच असं पाहत होते. भ्यालेलं आणि हसू आवरणारं.

"घरी चाल. सांगीन."

घरी आल्यावर तिनं सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. पुढे प्रत्येक वर्षी, महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दुपारी, आम्ही दोघी दार लावून बसायचो. बाळाची करंगळी दर साली तडकायची. आई शाडूच्या कणानं ती सांधायची, ओठांना कुंकवाचं बोट पुसटसं लावायची, आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात द्यायची. मी त्याला घडीवर निजवायचे. एवढंच. बाबांना कधी कळलं नाही, दादाला नाही, पुढे वहिनी आली तिलाही नाही. वहिनीचा तर त्याच्यावर फार जीव. आरती झाली की ती मीठ-मोहऱ्या घेऊन दोन्ही बाळांची दृष्ट काढायची आणि निजलेल्याची जास्त वेळ काढायची. मी आणि आई एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

माझं लग्न झालं नाही. का, ते इथे नको. बाबा गेले, क्वार्टर सुटलं, आम्ही दोघी शंकर नगरला राहायला आलो. आईच्या दुपारच्या वाटा हळूहळू आखडत गेल्या आणि शेवटी खिडकीपाशी संपल्या. मी ऑफिसातून आले की ती विचारायची, "काय पाहिलं आज?" कधी मी एखाद्या ट्रकच्या मागचा शंकर सांगायचे, कधी पानठेल्यावरची दुर्गा. ती डोळे मिटून ऐकायची आणि विचारायची, "आपलं काय घातलं होतं त्यानं?" बहुतेक वेळा मी तेवढं निरखून पाहिलेलं नसायचं.

*

आई गेल्यावरच्या उन्हाळ्यात दादा आणि वहिनी महालक्ष्म्या न्यायला आले. रीतच आहे ती, मुलाकडे जातात. मुलीकडे, त्यातही लग्न न झालेल्या मुलीकडे, त्या राहत नाहीत. मला ते ठाऊक होतं आणि मी कशालाही आडवी आले नाही. पेटी मीच भरून दिली. मुखवटे मलमलीत, दागिने डब्यात, ज्येष्ठेचं बाळ कापसात. कनिष्ठेचं मी आधीच काढून ठेवलं होतं. त्या काढून ठेवण्याला मी आतापर्यंत मनाशी पुष्कळ चांगली नावं देऊन पाहिली, आईची आठवण वगैरे. खरं इतकंच की मला ते द्यायचं नव्हतं.

भाद्रपदात वहिनीचा फोन आला. "ताई, बाळ दिसून नाही राहिलं हो. तिथं राहिलं का? पाहा नं एकदा."

मी "थांबा, पाहते" म्हटलं. रिकाम्या ट्रंकेपाशी गेले, झाकण उघडलं, आपटलं, पुन्हा उघडलं, तिला आवाज जावा म्हणून. मग म्हटलं, "नाही हो वहिनी."

त्यांनी नागपुरात नवं बाळ घेतलं. ते पहिल्याच दिवशी पाटावरून घरंगळून फुटलं. वहिनीनं धसका घेतला. दुसरं आणू दिलं नाही. तेव्हापासून कनिष्ठेपुढे विड्यावर एक सुपारी असते. पुढे सायली सून होऊन आली. तिनं ते बाळ पाहिलेलंच नाही, सुपारीच पाहिली. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. दुसऱ्या वेळेनंतर वहिनी फोनवर रडत म्हणाली, "कनिष्ठेची ओटी रिकामी आहे नं ताई, म्हणून होऊन राहिलं हे. बाळ घरातून गेलं तवापासून पाहा. सायली काही बोलत नाही, पण तिलेही तसंच वाटत असन."

आता जे लिहिते आहे ते बाळ लपवण्याहून वाईट आहे असं मला वाटतं. ते वाक्य ऐकताना, वहिनीचं रडणं कानात असताना, माझ्या आत कुठेतरी एक बारीक सुख हललं. माझ्या बाळावाचून तुमच्या महालक्ष्म्या अपुऱ्या आहेत, असं. क्षणभरच. मग मला माझी शिसारी आली, मी फोन ठेवला आणि हात धुतले. बाळ मात्र स्वेटरांखालीच राहू दिलं.

*

त्या रविवारी आम्ही आधी पुरानी बस्तीत गेलो होतो. मठाच्या भिंतीला कोणीतरी ऑइलपेंट दिला आहे. हनुमान आता ताठ आणि गुलाबी आहे. पगडीवाला शिपाई सापडला नाही. बहुतेक घरांना टाइल्स लागल्यात आणि टाइल्सवर देव छापूनच येतात. पण एका गल्लीत, विकायला काढलेल्या एका मातीच्या घराच्या भिंतीवर, यंदाच्या श्रावणात काढलेले आठे कन्हैया अजून पुसट उरले होते.

"ये आठ कौन हैं?" सायलीनं विचारलं.

"देवकीची लेकरं. गेलेलीही काढतात."

ती पुढे गेली नाही. तिथे एक स्कूटर लावलेली होती, तिच्या सीटवर तळहात टेकून ती उभी राहिली. मग "चलिए" म्हणाली, आणि आम्ही चर्चकडे वळलो.

म्हणून तिथे, बैलापाशी, ती हसली तेव्हा मला राहवलं नाही.

"तो फिर बाकी सब किसका था?"

"सगळं कुम्हारपाऱ्यातलंच," मी म्हटलं. "मेंढपाळ राऊत होते. आणि बाळ… तसंच दुसरं एक बाळ आमच्याकडे होतं. आईनं तिथूनच आणलं होतं. तेच कनिष्ठेपुढे असायचं."

"जो खो गया?"

"हरवलं नाही. माझ्याकडे आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मागे एका मुलाला त्याची आई तारा दाखवत होती. सायली वळली आणि बाहेर चालू लागली. ऑटोत तिनं आमच्या दोघींच्या मध्ये आपली पर्स ठेवली.

घरी येऊन मी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. स्वेटर बाजूला केले, बाळ काढलं, पलंगावर ठेवलं. हात वर. सायलीनं त्याला हात लावला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

मराठीत. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलत होती.

"मम्मी काय म्हणतात ते तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी दर वर्षी त्या सुपारीला नमस्कार करते. सॉरी म्हणते तिला. एका सुपारीला, आत्या."

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसले असते तर बाळाच्या शेजारीच बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "तू घेऊन जा. सापडलं म्हणून सांग."

"आणि मग? मला मूल झालं तर म्हणतील, बाळ परत आलं म्हणून झालं. नाही झालं तर म्हणतील, बाळ तर आहे, आता हिच्यातच काहीतरी आहे." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मला नको ते. तुम्ही बोला मम्मींशी. आत्ता. माझ्यासमोर."

तिनंच नंबर लावला आणि फोन पलंगावर ठेवला.

"हां बेटा, जेवली का?" वहिनीचा आवाज. मागे कुकरची शिट्टी.

"वहिनी, मी बोलते."

आयुष्यात मी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. बाळ माझ्याकडे आहे. मी ठेवून घेतलं. ट्रंकेचं झाकण मी मुद्दाम वाजवलं होतं. आणि ते बाळ मुळात चर्चच्या चरनीसाठी केलेलं होतं. आईला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. "तेव्हा ओटीबिटी काही नाही, वहिनी. सायलीला पुन्हा ते म्हणू नका."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. वहिनीनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मी इतके वर्ष त्याची दृष्ट काढली, ताई," ती म्हणाली.

"हो."

"मीठ-मोहऱ्या घेऊन. तुम्ही दोघी तिथंच उभ्या राहत होत्या."

"हो."

मला वाटलं फोन कट झाला. पण तिचा श्वास ऐकू येत होता.

"करंगळी धड आहे नं त्याची?"

"आहे," मी म्हटलं, आणि मग खरंच फोन बंद झाला.

करंगळीचं वहिनीला ठाऊक होतं. दर साली तडकते आणि दर साली कोणीतरी ती सांधतं, हे तिनं पाहिलं होतं आणि कधी बोलली नव्हती. मला वाटत होतं, ते आम्हा दोघींचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सायली निघाली तेव्हा मी तिला डबा दिला, तिनं घेतला. चप्पल घालताना खाली बघूनच म्हणाली, "आप रखिए उसको. पर अलमारी में नहीं."

तिचा फोन आठवड्यानं आला. आता घरात ती गोष्ट कोणी काढत नाही म्हणाली. मम्मी बाजारात जाताना तिला बरोबर नेतात. मग खोटं न बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात: "आपकी भी बात कोई नहीं करता, आत्या. पापा तो बिलकुल नहीं."

"बरं झालं," मी म्हटलं. आणि झालंच. दोन्ही गोष्टी एकदमच व्हायच्या होत्या.

आता ते खिडकीतल्या तिवईवर आहे, आईची खुर्ची होती तिथे. दुपारचं ऊन त्याच्या दुमडलेल्या गुडघ्यापर्यंत येतं आणि परत जातं. डांबरगोळ्यांचा वास उडाला. काल खूप वर्षांनी मला त्याचा मूळ वास आला, भाजलेल्या मातीचा आणि पुसटसा केवड्याचा. किंवा तसं वाटलं. ऑफिसातून येते, कुलूप काढते, दिवा लावते, आणि ते हात वर करून असतं. घरात दुसरं कोणी नाही. मी सांगते त्याला कधीकधी, आज काय पाहिलं. ऑफिसजवळ एक नवी भिंत रंगवून राहिलेत, अजून कळत नाही कोणता देव आहे, नुसते पाय झालेत.

आज सकाळी कामाला येणारी कुंती झाडता झाडता तिवईपाशी थांबली. केरसुणी काखेत धरून तिनं वाकून पाहिलं, आणि काकू करायच्या तसंच त्याच्या गालाला बोट लावलं.

"ए काकर लइका ए, दीदी?"

हे कोणाचं मूल. 'चूप राह्य' माझ्या ओठांवर आलं होतं, आईच्याच आवाजात.

"बइठ," मी म्हटलं, आणि चहाला दोन कप पाणी टाकलं.